वर टाच, खाली पाना

समुद्राबद्दल मला काही विचारू नका. उभं आयुष्य सातपाटीच्या बोटींवर काढलं, पण समुद्र माझ्या वाट्याला आला तो फळीपलीकडचा. मी कायम खाली, इंजिनाच्या खोलीत. खोली म्हणायचं आपलं. डेकवरचं झाकण उचलायचं, आत उतरायचं, की गुडघे छातीला लागतात असा तेलकट खड्डा. मध्ये इंजिन, एका बाजूला बॅटरी, आणि राहिलेल्या जागेत मिस्त्री. तो मी.

मी साताऱ्याकडचा. तारापूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून आलो, सालवडला खोली घेतली, आणि सुट्टीच्या दिवशी चार पैसे सुटतील म्हणून सातपाटीच्या बंदरावर इंजिनं उघडायला जाऊ लागलो. पुढे कारखान्यापेक्षा बंदराचंच काम जास्त होऊ लागलं, तेव्हा कारखाना सोडला. बायको शालन तेव्हा म्हणाली होती, "तुम्हाला पोहता येत नाही, बोटीत बसलं की ओकता, आणि पोट भरणार दर्यावर?" तिचं काही चुकत नव्हतं. पहिली काही वर्षं मी सोबत पाना-पेचकस आणि लिंबू घेऊनच बोटीवर चढायचो.

बोटीवर चढायला लागायचंच, कारण सातपाटीत तेव्हा एक रीत होती. ज्यानं इंजिन बांधलं त्यानं पहिल्या फेरीला इंजिनाजवळ बसायचं. किनाऱ्यावर पैसे घेऊन घरी जायचं नाही. इंजिन उघडून परत बंद केलं की जमनावयनीसारख्या घरच्या बायका त्याला हळदकुंकू लावायच्या, नारळ ठेवायच्या, आणि मग मिस्त्रीकडे बघायच्या. त्या बघण्याचा अर्थ असा, की आमची माणसं जिथं जातील तिथं तूही जा, म्हणजे नट नीट आवळशील. मी रागावायचो, पण नट नीट आवळायचो.

जमनावयनी म्हणजे हरू तांडेलची बायको. आणि हरू म्हणजे ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो तो. बोट चालवणारा मुख्य माणूस तो तांडेल. सुकाणू त्याच्या हातात, बोटीवर शब्द त्याचा. पहिल्या फेरीला मी ओकून ओकून हिरवा पडलो, तेव्हा त्यानं झाकणातून खाली वाकून विचारलं होतं, "मिस्त्री, जिता हायस का इंजिनात पडलास? पडला असशील तर सांग, इंजिन बिघडंल." मी त्याला आईवरून शिवी दिली. तो हसला आणि मला वर ओढून त्यानं सुक्या बोंबलाचा तुकडा चघळायला दिला. त्याचा आमचा संबंध तिथून सुरू झाला.

आता आमच्या कामाची एक गोष्ट सांगतो, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आज सुकाणूजवळच दांडा असतो, तांडेल उभ्या जागेवरून गिअर टाकतो. तेव्हा तसं नव्हतं. गिअरचा दांडा खाली माझ्याजवळ, आणि समोरचं पाणी दिसणार वर हरूला. इंजिन चालू असताना खाली कुणी कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. मग बोलायचं कसं? टाचेनं. तांडेल डेकच्या फळीवर टाच मारायचा. एक टाच म्हणजे थांब. दोन म्हणजे पुढं. तीन म्हणजे मागं. आणि खालच्यानं लगेच दांड्याला हात लावायचा नाही. आधी पान्यानं खालून फळीवर तेवढेच ठोके परत द्यायचे. बरोबर असतील तर तांडेल गप्प राहणार. चुकीचे असतील तर एक सणसणीत टाच येणार. तांडेल गप्प, म्हणजे बरोबर. मग दांडा टाकायचा.

काही तांडेल दोन्ही पायांनी कथ्थक केल्यासारखे नाचायचे, आणि वर मलाच विचारायचे, तुला कळत कसं नाय. हरूची टाच तशी नव्हती. डावी टाच, एका मापात, मध्ये सारखं अंतर. मी डोळे मिटून ओळखत असे.

पुढे केबल आल्या, दांडे वर गेले, टाचेचं काम संपलं. माझे कानही त्याच सुमाराला गेले. इंजिनाशेजारी आयुष्य काढल्यावर ते जायचेच होते. कानातलं यंत्र लावलं तर शांत खोलीत समोरच्याचं बोलणं कळतं. बंदरावर ते नुसतं खरखरतं, म्हणून मी ते खिशात ठेवतो.

म्हातारपणी आम्ही दोघं रोज संध्याकाळी बंदरावरच्या बाकावर बसायचो. मी सालवडहून रिक्षानं यायचो. शालन गेल्यापासून घरी थांबून करण्यासारखं काही नव्हतं. आम्ही बोलायचो कमी. मला ऐकू येत नाही आणि हरूला उगाच बोलायचा कंटाळा. पण बाकाच्या फळीवर माझा पंजा असायचा आणि खाली त्याची टाच. कुणी येऊन मोठेपणा सांगू लागलं की हरू बाकाच्या पायावर एक टाच मारायचा. पुरे झालं म्हण याला. मग मी यंत्र बंद पडल्याचं सोंग करायचो. दोन टाचा म्हणजे चल, टपरीवर चहा घेऊ. तीन म्हणजे चल, घरी जाऊ. दिनेश, हरूचा मुलगा, एकदा म्हणाला, "काका, तुमी दोघं रोज बसून करता काय?" हरू म्हणाला, "बोट चालवतो." पोरानं कपाळाला हात लावला.

या दिनेशला त्या टाचेनं एकदा वाचवलंय. ते सांगायला हवं.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा इंजिनं उघडतात, आणि नारळी पुनवेच्या आधी बोट पाण्यात घालून बघतात. त्या वर्षी हरूची बोट मीच उघडली होती. माझे कान तेव्हाच निम्म्याहून जास्त गेले होते, पण हरूला दुसरा मिस्त्री चालत नसे. रीतीप्रमाणे मी खाली बसलो. वर हरू, दिनेश आणि दोन खलाशी. दिवस मोकळा होता. ओहोटी नुकती लागली होती. खाडीच्या तोंडापर्यंत जायचं आणि परतायचं, एवढंच.

तोंडाशी गेल्यावर आधी गिअरची केबल तुटली. नवीन केबल, माझ्या डोळ्यांदेखत घातलेली. हरूनं वाकून मला खूण केली, आता दांडा तुझ्या हातात. मी म्हटलं ठीक आहे, जुनी सवय आहे. हरूनं तीन टाचा दिल्या, मी पान्यानं तीन दिल्या, दांडा मागं टाकला. आणि इंजिन घुसमटल्यासारखं झालं. मी दांडा झटकन न्यूट्रलला आणला. कुणाच्या तरी फाटक्या जाळ्याचा गुंता पाण्यातून वाहत आला होता, तो बोटीच्या बुडाशी फिरणाऱ्या पंख्यात गुंडाळला गेला होता.

सातपाटीच्या खाडीचं तोंड ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. आतलं पाणी ओहोटीबरोबर बाहेर ओढतं, बाहेरून लाट आत येते, आणि दोघांची गाठ पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर पडते. बोट आडवी होऊन त्या दांड्यावर बसली की लाटा तिच्या फळ्या मोकळ्या करतात. नांगर टाकला होता, पण तो वाळूत धरत नव्हता, घसरत होता. इंजिन बंद करावं, तर बॅटरीनं सकाळपासूनच रड लावली होती. बंद केलेलं इंजिन परत लागेल की नाही, मला सांगता येत नव्हतं. हरूनं झाकणातून तोंड घालून हातानं विचारलं, बंद करतोस का. मी मान हलवून नाही म्हटलं. त्याला कळलं.

मग दिनेश कमरेला दोरी बांधून, हातात सुरा घेऊन पाण्यात उतरला. जाळं कापायला, चालू इंजिनाच्या बोटीखाली, पंख्यापाशी.

खाली मी एकटा. डावा पंजा डोक्यावरच्या फळीला टेकवलेला, उजवा हात दांड्यावर. दांडा चुकून जरी पुढं गेला असता तरी पंख्यानं पोराचा हात नेला असता, नाहीतर मान. वर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. बोट एका बाजूला झुकत होती एवढं अंगाला कळत होतं. पोर वर आलं का, परत गेलं का, श्वास घेतला का, काही कळत नव्हतं. त्या दिवशी मला ओकारी आली नाही हेसुद्धा मला नंतर आठवलं.

आणि पंज्याला दोन ठोके लागले.

दोन म्हणजे पुढं. म्हणजे पोर वर आलं, पंखा सुटला, बोट वाळूला लागायच्या आत काढ. मला घाई झाली होती, खोटं कशाला सांगू. हात दांड्यावर होताच, नुसता पुढं ढकलायचा होता. पण उजव्या हाताला दांडा सोडून पाना उचलायची सवय पडलेली होती. तो आपोआप गेला. मी फळीवर दोन ठोके परत दिले.

वरून एक टाच आली. अशी, की फळीवरची धूळ माझ्या डोळ्यांत गेली.

मी दोन्ही हात वर करून बसलो, कुणी बंदूक रोखल्यावर बसतात तसा. ते ठोके हरूचे नव्हते. दिनेश अजून खालीच होता. त्याची कमरेची दोरी ताणली होती आणि ती ढिली सोडा हे सांगायला त्यानं सुऱ्याच्या मुठीनं बोटीच्या बुडाला दोनदा ठोकलं होतं. लाकूडच ते. खालचा ठोका वरच्या फळीपर्यंत आला.

त्यानंतर किती वेळ गेला ते मला कधीच नीट सांगता आलं नाही. मग परत दोन आले. डाव्या टाचेचे, एका मापात. मी दोन दिले. वर गप्प. तरी मी थांबलो. मग झाकणातून हरूचा हात खाली आला, त्यानं माझं डोकं दाबलं, आणि मी दांडा पुढं टाकला. बोट वाळूपासून वळली.

बंदराला लागल्यावर मी वर आलो. दिनेश डेकवर उताणा पडला होता, हाताला खरचटलेलं, डोळे लाल. संध्याकाळी जमनावयनी स्वतः सालवडला आल्या, पिशवीत ताटाएवढं पापलेट घेऊन. दारातच शालनचा हात धरून रडल्या. शालनला काय झालंय तेच माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. त्या रडल्या म्हणून तीही रडली, आणि मग दोघींनी मिळून मला फैलावर घेतलं.

हे झालं तेव्हाचं. आता यंदाचं.

यंदाच्या पावसाळ्यात हरू सकाळी तोंड धुताना पडला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. बोईसरला एका दवाखान्यात ठेवलं. मी रोज जाऊन बघायचो, काचेतून. एका दुपारी दिनेश मोटरसायकल घेऊन माझ्या दारात आला. यंत्र कानात घालेपर्यंत तो नुसता उभा. डोळे त्या दिवसासारखेच लाल.

"काका, डॉक्टर विचारतात, मुंबईला न्यायचं काय. डोक्याचं ऑपरेशन करतील, मशीनवर ठेवतील. नाय तर घरी न्या म्हनतात. संध्याकाळपर्यंत सांगायचं. आई काय बोलत नाय. मी एकटा कसं सांगू?" मग म्हणाला, "बाबा टाच आपटतात, काका. नर्सनं उशी लावली तर उशी ढकलून आपटतात. मला ते कळत नाय. तुमाला कळंल."

मी त्याच्या मागं बसलो. सालवड ते बोईसर रस्ता केवढासा, पण मला वाटत होतं तो लांबावा. मिस्त्रीला माणसं विचारतात इंजिन चालेल का. माणसाचं असं मला कुणी विचारलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. आडपडदा न ठेवता म्हणाल्या, "ऑपरेशननं जीव वाचू शकतो. पण बोलणं, चालणं परत येईल असं मी सांगणार नाही. वाटेतही धोका आहे. आणि पायाची ती हालचाल नुसते झटके असू शकतात. नसूही शकतात. तुम्ही विचारून बघा, मी इथंच थांबते."

हरू खाटेवर होता. तोंड एका बाजूला ओढलेलं. दाढी वाढलेली. जमनावयनी पायथ्याशी बसल्या होत्या. मी खाटेच्या लोखंडी पट्टीवर डावा पंजा ठेवला. त्याचे डोळे माझ्याकडे वळले. मला वाटलं की वळले.

मी वाकून म्हणालो, "हरू, मी मिस्त्री. मुंबईला न्यायचं म्हणतायत. ऑपरेशन करायला. तू सांग. पुढं जायचं, का मागं घरी?"

टाच हलली. पट्टीतून माझ्या पंज्यात ठोके आले. एक. दोन. मी मनात म्हटलं, बस, आता बस. आणि तिसरा आला.

डावी टाच. एका मापात. मध्ये सारखं अंतर.

सगळे माझ्याकडे बघत होते. खिशातला पाना काढला. काम सोडलं तरी एक बारका पाना माझ्या खिशात असतो, सवय. मी पट्टीवर ठोके परत दिले. दोन दिले. मोजायला चुकलो नव्हतो. तीन लागले होते हे मला पक्कं माहीत होतं. पण मला तो जगायला हवा होता. शालन गेल्यावर माझ्या शेजारी बसणारं दुसरं कोण होतं? म्हणून दोन दिले.

हरूनं एक टाच हाणली. एवढी, की सलाईनची बाटली हलली आणि नर्स धावत आली.

जमनावयनींनी त्याच्या पावलावर हात ठेवला. "नाय म्हनतात ते, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "तुमी काय सांगितलंत त्यांना?"

मी डोळे पुसले आणि पान्यानं तीन ठोके दिले. मागं. घरी.

टाच हलली नाही. आम्ही सगळे थांबलो. वयनींनी पावलावरचा हात काढून घेतला, हाताच्या ओझ्यानं पाय अडकलाय असं नको म्हणून. तरी हलली नाही. त्याचे डोळे उघडे होते आणि माझ्याकडेच होते.

दिनेशनं विचारलं, "काका, आता काय?"

"गप्प आहे ना," मी म्हटलं, "म्हणजे बरोबर."

डॉक्टरीणबाईंनी घरी काय काय लागेल, कसं भरवायचं, कसं वळवायचं, ते वयनींना दोनदा समजावून सांगितलं. संध्याकाळच्या आत आम्ही त्याला सातपाटीला आणलं. खाट खिडकीजवळ लावली. खिडकीतून खाडी दिसत नाही, पण बोटींचा आवाज येतो म्हणतात. मला तो येत नाही. मी सालवडला परत गेलोच नाही. वयनींनी पडवीत माझं अंथरूण टाकलं, मी दिवसभर खाटेशी बसायचो, पंजा खाटेच्या लाकडाला. कधी एक यायची. म्हणजे भाताची पेज पुरे. कधी शेजारचे लोक भेटायला येऊन फार वेळ बसले की एक यायची. मी यंत्र बंद पडल्याचं सोंग करून त्यांना वाटेला लावायचो.

नारळी पुनव झाली. हंगाम उघडला त्या सकाळी दिनेश बोट घेऊन निघायचा होता. तो बापाच्या पाया पडला आणि रेंगाळत उभा राहिला. वयनी म्हणाल्या, "जा. भरती थांबंल काय तुज्यासाठी?" तो गेला. थोड्या वेळानं हरूनं मान खिडकीकडे वळवली. वयनींनी मला हातानं खूण केली, बोटी निघाल्या.

मला काही ऐकू येत नव्हतं. मी हरूच्या तोंडाकडे बघत होतो. तो ऐकत होता, अगदी लक्ष देऊन. मग पंज्याला ठोके लागले.

दोन.

मला वाटलं दिनेशच्या बोटीला म्हणतोय. मी खिशातून पाना काढला आणि खाटेच्या लाकडावर दोन ठोके परत दिले. मग चुकलं असलं तर टाच येईल म्हणून पंजा तिथंच ठेवून बसलो. बराच वेळ बसलो. वयनी उठून आल्या, त्यांनी त्याच्या नाकाशी हात धरला आणि माझ्याकडे बघितलं. मी तरी पंजा काढला नाही.

टाच आली नाही.